साडभाऊंनी केलेली कोरियाची चौकशी

कोरियातल्या माणसांना कोरियाबद्दल फारसं काही समजत नसावं, असं आमच्या साडभाऊंचं ठाम मत होतं. "ते तिथंच राह्यतात ना," ते म्हणायचे, "मंग त्याईले कसं दिसंल? आपलं घर आपल्याले कधी दिसते का? घर पाहुण्याले दिसते." आणि कोरियाचे पाहुणे म्हणजे हे स्वतः. दिग्रसहून निघून यांचा सर्वांत लांबचा मुक्काम नागपूर, तोही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. पण त्यानं काही बिघडत नव्हतं. कोरियात कोणत्या घरात सुनेला पहिला घास मिळतो आणि कोणत्या घरात शेवटचा, हे त्यांना दिग्रसच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या सांगता यायचं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आता ते नागपूरला मुलाकडे राहतात. तिथे टीव्हीचा रिमोट नातवाकडे असल्यामुळे त्यांचे कोरियाशी असलेले संबंध ताणले गेले आहेत, असं ऐकतो. पण दिग्रसला होते तोवर आमच्या सासुरवाडीचं परराष्ट्र खातं आणि गृहखातं दोन्ही त्यांच्याकडेच होतं.

आयुष्यभर त्यांनी जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवली. बोंडातून चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ताणायचा, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. गाडीवाला कितीही बोंबलो. ही सवय बोटांत इतकी मुरली होती की एखाद्या माणसाबद्दल बोलतानाही त्यांचे अंगठे हवेतला कापूस ताणत असायचे. त्यामुळेच की काय, सासुरवाडीत कुणाचंही लग्न निघालं की चौकशीला त्यांनाच पाठवायचे. फोटो नंतर, पत्रिका नंतर. आधी साडभाऊ जाऊन घर पाहणार.

चौकशीची त्यांची एक रीत होती. आगाऊ कळवायचं नाही. "इकडून जाऊन राह्यलो होतो, तहान लागली" म्हणून दारात उभं राहायचं. आधी चपला पाहायच्या. त्यांचा सिद्धांत असा की ज्या दारात चपला एकमेकींवर चढलेल्या असतात त्या घरात जावाजावांचं पटत नाही, आणि ज्या दारात चपला अगदीच ओळीत असतात त्या घरात सासू भयंकर असते. मधलं काहीतरी हवं. मग पाणी प्यायचं, तांब्या घासलेला आहे का पाहायचं, घरातल्या म्हाताऱ्याला "तब्येत कशी हाय?" विचारायचं आणि म्हाताऱ्याचं उत्तर न ऐकता त्याच्या अंगावरचं पांघरूण पाहायचं.

माझीही चौकशी त्यांनीच केली होती. निकाल एका वाक्याचा होता: "पोट्टं निरुपद्रवी हाय." या दाखल्यावर माझं लग्न झालं आणि गेली कित्येक वर्षं मी तो खरा करून दाखवतो आहे. मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसतो. माणसाचा जन्म आणि मृत्यू माझ्याकडे. मधलं सगळं साडभाऊंकडे.

गुडघे बदलल्यावर त्यांना काही महिने घरी बसावं लागलं. जिनिंग सुटलेलं, चौकशीला जाता येत नाही, अंगठे नुसते हवेत. तेव्हा नागपूरहून मदतीला आलेल्या सुनेनं टीव्हीवर कोरियन सीरियल लावून दिली. हिंदीत बोलणारी. ही हिंदी ऐकून साडभाऊ थक्क झाले. "यवतमाळात इतकी साफ हिंदी कोणी बोलत नाही," म्हणाले, "आणि हे लोक पाह्य, समुद्रापलीकडचे!" कुणीतरी मुंबईत बसून ती भरते, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी कापसात पाणी मारून आणलं आहे.

पहिल्याच भागात हिरो घरात शिरला आणि त्यानं दारात बूट काढले. साडभाऊंनी सीरियल थांबवली. "मागं घे." सुनेनं मागं घेतलं. दाराशी पाच-सहा जोड होते. दोन सरळ, बाकीचे जरा तिरके. साडभाऊंचे अंगठे हलायला लागले. "घर चांगलं हाय," ते म्हणाले, "पण लहान सून काहीतरी लपवून राह्यली." पुढे आठव्या की नवव्या भागात लहान सुनेचं काहीतरी निघालंच. त्यांच्या सीरियलमध्ये प्रत्येकाचंच काही ना काही निघतं, ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून कोरिया हा देश त्यांच्या चौकशीखाली आला, तो त्यांनी दिग्रस सोडेपर्यंत सुटला नाही.

गावात कोरियन पाहणारे कमी नव्हते. कॉलेजच्या पोरी हिरोचे केस पाहायच्या. त्यांचे भाऊ तसेच केस कापून यायचे आणि सोयाबीनच्या मळणीत त्यांचा पार सत्यानाश व्हायचा. माझी बायको हिरोईनच्या चेहऱ्याला काय लावतात ते पाहायची आणि तांदळाचं पाणी माझ्या नकळत माझ्या उशाशी ठेवायची. साडभाऊंना या सगळ्यांची कीव यायची. "तुम्ही लोक गाल पाहून राह्यले," ते म्हणायचे. "मी घर पाहून राह्यलो."

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, सगळी सारखीच वाटायची. म्हणून त्यांनी पात्रांना आपल्याकडची नावं देऊन टाकली. मोठ्या कंपनीचा मालक म्हणजे 'जिनिंगवाला'. त्याची उर्मट बायको 'जिनिंगवालीण'. दुकानात काम करणारी गरीब हिरोईन 'महागावची'. महागावची का, ते कुणालाच कळलं नाही, पण महागावच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की साडभाऊ हळहळून म्हणायचे, "आता तिच्या बापाचं कसं होईल?"

एका भागात त्यांनी कोरियातली पितरांची पूजा पाहिली. टेबलावर वाढलेलं ताट, फळं, भात, आणि सगळं घर ओळीनं उभं राहून जमिनीवर डोकं टेकवतंय. साडभाऊ हरखूनच गेले. "अरे, ही तर आपली अखजी!" त्यांनी फोन करून आम्हाला सांगितलं. "फक्त घागर नाही. विसरले असतील बिचारे." पुढच्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला गेलो. घागर भरली, पितरांचं पान वाढलं, आमरस, कुरडया सगळं. आणि साडभाऊंनी जाहीर केलं की यंदा नमस्कार पूर्ण घालायचा, तिकडच्यासारखा. आपण आळशी होत चाललो आहोत. त्यांनी आधी स्वतः घातला. दोन्ही हात कपाळाशी, मग गुडघे, मग डोकं जमिनीला. फार सुंदर. फक्त ते नवीन गुडघे खाली जाण्यासाठी राजी होते, वर येण्यासाठी नव्हते. डॉक्टरांनी जमिनीवर बसू नका म्हणून बजावलं होतं. कोरियात जाऊ नका असं काही म्हटलं नव्हतं. साडभाऊ तसेच पडून राहिले. पितरांना इतका दीर्घ नमस्कार त्या घरात पूर्वी कुणी घातला नसेल. शेवटी मी, त्यांचा मुलगा आणि शेजारचे दोघे असे मिळून त्यांना उचललं. उचलताना ते म्हणाले, "पितर खूश झाले असतील." ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "हो, तुम्हीच त्याईच्यात येऊन राह्यले म्हणून."

सीरियल पाहताना ते रडायचे, हे मात्र खरं. आणि लपवायचे नाहीत. जिनिंगवालिणीनं महागावचीच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकलं तेव्हा साडभाऊ काठी घेऊन टीव्हीसमोर उभे राहिले. "काहून वं? गरीब हाय म्हणून? पोट्टी सोन्यासारखी हाय, तुह्या पोराले तिच्याशिवाय कोणी विचारत नाही, आणि तुले खानदान पाह्यजे?" आम्ही सगळे पाहत राहिलो. कारण याच साडभाऊंनी गेल्या तीस वर्षांत आमच्या सासुरवाडीतली निदान चार प्रेमप्रकरणं 'आपल्यातला नाही' या दोन शब्दांत मोडली होती. एकदा तर मोडून आल्यावर त्या रडणाऱ्या भाचीलाच चहा करायला सांगितला होता. कोरियातली जिनिंगवालीण निदान पाणी स्वतः भरून घ्यायची.

आता माझ्या घरचं.

माझी लेक पुण्याला नोकरी करते. तिथेच वणीचा एक मुलगा. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात, आई शिवणकाम करते. मुलगा हुशार, शांत, आणि आपल्यातला नाही. लेकीनं आधी मला सांगितलं. मी म्हणालो, "मला काही अडचण नाही." तिनं विचारलं, "मग मावसाजींना सांगता?" मला लगेच बऱ्याच अडचणी दिसायला लागल्या.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. साडभाऊ नाही म्हणाले तर तिच्या माहेरचं एक माणूस मांडवात पाय ठेवणार नाही. तिचे भाऊ त्यांच्या तोंडाकडे पाहणारे. लेक म्हणाली, "मग रजिस्टर करू, दोन मित्र बोलावू." त्यावर दोन दिवस घरात भाजी खारट होत होती. एकुलती एक पोर चोरून नेल्यासारखी पाठवायची, हे तिला सोसणार नव्हतं.

युक्ती बायकोचीच. साडभाऊंना सीरियल म्हणून सांगायचं. कोरियात ते लेकीच्याच बाजूचे असतात.

डिसेंबरातली दुपार होती, लेक सुट्टीवर आली होती. साडभाऊंच्या अंगणात बाजेवर बसून आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होतो. लेकीनं सुरुवात केली.

"मावसाजी, एक नवीन सीरियल पाहून राह्यली मी."

"घर कसं हाय?" दुसऱ्या कुणी हिरो कसा आहे विचारलं असतं.

"मुलाचं घर लहान आहे, पण नीट. वडील खाणीत डंपर चालवतात. आई कपडे शिवते. मुलगा शिकून शहरात कंपनीत लागला. मुलगी पण तिथंच. मुलीची आई चांगली आहे. वडील..." तिनं माझ्याकडे पाहिलं, "वडील घाबरट आहेत."

मी एक शेंग फार बारकाईनं सोलायला घेतली.

"सीरियलमधला बाप तसाच राह्यते," साडभाऊ समजुतीनं म्हणाले. "मंग अडलं कुठं?"

"मुलगा त्यांच्यातला नाही."

"मंग नाही म्हणते कोण? खलनायक कोण हाय?"

"मुलीचे एक मावसाजी आहेत."

साडभाऊंच्या हातातली शेंग हातातच राहिली. ताई आत चहा टाकायला गेली, ती आतच थांबली.

"खाण कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"वणीला."

"बंद कर सीरियल."

"मी नाही करत बंद," लेक म्हणाली. हे तिनं माझ्याकडून घेतलेलं नाही. "त्या महागावचीसाठी तुम्ही काठी घेऊन उभे राह्यले. तिच्या सासूला तुम्ही काय काय बोलले, मावसाजी? आज तुम्ही त्याच बाईच्या जागी बसून राह्यले."

"ते कोरिया हाय."

"मग?"

"मंग काय? तिथं माह्या घरची पोट्टी नाही जात." त्यांनी टरफलं झटकली. "तिथं रडायले काय लागते, बाप्पा? सोळा भाग झाले की हात धरतात, बर्फ पडते, संपलं. सतराव्या भागात पोट्टी कोणाच्या चुलीपाशी उभी राह्यली, कोण तिच्याशी बोलते, कोण नाही बोलत, हे दाखवते का कोणी? मी इतक्या सीरियली पाह्यल्या. एकातही नाही दाखवलं."

हे ऐकून मी चमकलो. मला वाटत होतं माणूस नुसता रडतोय. तो रडत होता आणि वर मोजमापही घेत होता.

"वणीले घर कोणत्या भागात हाय?" उठता उठता त्यांनी विचारलं. लेकीनं रागाच्या भरात भाग, गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळं सांगून टाकलं. ते चहा न घेता आत गेले आणि टीव्हीसुद्धा लावला नाही. आमच्या कुटुंबात यापेक्षा गंभीर काही घडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन. "हे तुमच्याकडं आले का? काठी नाही, कोट नाही, डब्यातली बुंदीही नाही." चौकशी केली तर कळलं, साडभाऊ यवतमाळच्या पहिल्या गाडीत बसताना दिसले. यवतमाळहून वणी.

"मोडायला गेले," बायको मटकन खाली बसली. "त्या लोकांना दारात उभं राहून काहीबाही बोलतील. तुम्ही जा मागं."

मी लगेच निघालो. बसस्टँडपर्यंत गेलोसुद्धा. तिथे चौकशीच्या खिडकीत विचारलं, पुढची गाडी केव्हा. तो म्हणाला, दुपारी. मी घरी येऊन सांगितलं की आता जाऊन उपयोग नाही. निरुपद्रवी हा शब्द बायकोनं त्या दिवशी वेगळ्या अर्थानं वापरला.

साडभाऊंना फोन लावला तर उचलेनात. लेकीनं त्या मुलाला लावला. तो म्हणाला, "मी पुण्यात आहे, घरी विचारतो." मग त्याचाही फोन लागेना. संध्याकाळ झाली, साडभाऊ आले नाहीत. चौकशीला गेलेला हा माणूस आजवर कधी कुणाच्या घरी मुक्कामाला राहिला नव्हता. पाणी प्यायचं आणि उठायचं, असा त्यांचा नेम. बायकोनं अपघातापासून मारामारीपर्यंत सगळं डोळ्यांसमोर आणलं. लेक बॅग भरून बसली. मी तिला एवढंच म्हणालो की रजिस्टरला साक्षीदार लागले तर मी येईन. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, वडील साक्षीदार म्हणून नाही येत."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडभाऊ थेट आमच्या घरी आले. कोटावर कोळशाची काळी धूळ. खुर्चीत बसले, पाणी प्याले, आणि अहवाल सुरू केला. चौकशीचा अहवाल ते नेहमी दोषांपासून सुरू करतात.

"घर रस्त्याच्या खाली हाय. पावसात पाणी घुसत असंल. बाप डंपर चालवते, पण घरात पाय वाजवत नाही, हे बरं हाय. आई शिवते, पण स्वतःच्या ब्लाउजचा हुक तुटलेला. म्हातारी हाय एक, पांघरूण नवं हाय. पण लोक अडाणी हाय."

"अडाणी म्हणजे?" लेकीनं ताठ होऊन विचारलं.

"कोरियाचं एकालेही काही माहीत नाही! टीव्हीवर क्रिकेट लावून बसले होते. मी म्हणलं, हे काय पाहून राह्यले? मंग मीच लावून दिली, ती महागावचीवाली. पोराच्या आईनं शिवण बाजूले ठेवलं. एक भाग झाला, म्हणे पुढं काय होते? दुसरा झाला, म्हणे मंग त्या पोरीचं काय होते? आता असं अर्ध्यात टाकून कसं येते माणूस? राह्यलो."

आमच्यापैकी कुणालाच हसावं की रडावं कळेना. माझ्या लेकीच्या आयुष्याचा निकाल लागायचा होता आणि हे गृहस्थ वणीच्या खाणकामगाराच्या घरात कोरियाचा प्रसार करून आले होते.

"आणि सांगितलं कोण म्हणून?" बायकोनं विचारलं.

"सांगायले कायले लागते? ती बाई हुशार हाय. दाराशी उभा राह्यलो तेव्हाच वळखलं तिनं. काही बोलली नाही. सीरियल पाह्यली, भाकरी टाकल्या, पानं घेतली." साडभाऊंचे अंगठे एकदा हलले आणि थांबले. "तो सीन आला ना, पाणी फेकायचा. तेव्हा ती म्हणे, टीव्हीकडंच पाहून म्हणे, माह्याकडं नाही पाह्यलं. म्हणे, भाऊ, तुमच्याकडचे लोक लग्नात आमच्याजवळ बसून जेवतील का? नाही तर आत्ताच सांगा. म्हणे, माह्या पोराले मी असं उभं नाही राहू देणार."

त्या बाईनं आमची चौकशी केली होती, आणि ती एका प्रश्नात केली होती. तीस वर्षं साडभाऊंनी दुसऱ्यांच्या दारातल्या चपला पाहिल्या; आमच्या दारातल्या कुणी पाहाव्यात असा प्रसंग आमच्यावर आलाच नव्हता. आणि मजा अशी की, त्या घरानं न कळवता आलेल्या म्हाताऱ्याला काही न विचारता वाढलं, यात मोठेपणा कुणाचा, हे साडभाऊंच्या अहवालात कुठेही नव्हतं.

"मग?" लेकीनं विचारलं. "तुम्ही काय सांगितलं?"

"सांगायचं काय त्याच्यात?" ते चिडून म्हणाले. "ताट पुढं केलं. म्हणलं, बाई, भाकर वाढा आणखी एक."

बायकोनं पदर तोंडाला लावला. लेक उठून उभी राहिली, तिला काय करावं सुचेना, म्हणून ती पुन्हा बसली. अशा वेळी कर्त्या पुरुषानं काहीतरी बोलायचं असतं. मी घसा साफ केला आणि विचारलं, "भाजी कोणती होती?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वीचा आपला निकाल बरोबर होता, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"वांग्याची. आणि पातळ, निस्तं पाणी. पोट्टीचं साक्षगंध आपल्याच अंगणात करू, जेवण त्याईच्या भरवशावर नको."